मिटलेला डोळा आणि उघडा पडदा

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदीमुळे सारा देश घरात बसला असताना दूरदर्शनने रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका पुन्हा दाखवली. ज्यांनी १९८७ साली रविवार सकाळची सगळी कामे बाजूला सारून ती पाहिली होती, त्यांच्याबरोबर आता त्यांची नातवंडेही दूरचित्रवाणी संचासमोर बसली. अयोध्येच्या राजवाड्यात वाकलेल्या पाठीची, एक डोळा बारीक केलेली मंथरा अवतरली, तेव्हा नव्या पिढीला ती केवळ एक दुष्ट दासी वाटली असेल. जुन्या पिढीला मात्र ती आधी ललिता पवार दिसली आणि नंतर मंथरा.

मराठी घरांत हे नाव कित्येक वर्षे सामान्यनामासारखे वापरले गेले. सुनेला टोचून बोलणाऱ्या सासूला 'अगदी ललिता पवार आहे' असे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नसे. एखाद्या कलावंताच्या वाट्याला याहून मोठी दाद येणे अवघड आणि याहून मोठा अन्यायही अवघड. कारण ज्या स्त्रीच्या नावाने सासवा ओळखल्या गेल्या, तिने हिंदी चित्रपटातील काही अतिशय मायाळू आयाही रंगवल्या आहेत आणि त्याही आधी ती चांगली लोकप्रिय नायिका होती.

त्यांच्या कारकिर्दीची गोष्ट सहसा एका वाक्यात सांगितली जाते: चित्रीकरणात थप्पड बसली, डोळा गेला, नायिकेची खलनायिका झाली. गोष्ट खोटी नाही, पण फारच सोपी आहे. थपडेने डोळा अधू झाला. अधू डोळ्याची बाई दुष्टच असणार, हे मात्र थपडेने ठरवले नाही. ते चित्रसृष्टीने ठरवले, प्रेक्षकांनी मान्य केले आणि ललिताबाईंनी पुढची चार-साडेचार दशके कधी ते स्वीकारत, तर कधी त्याला बगल देत काम केले.

अंबा लक्ष्मण सगुण हे त्यांचे मूळ नाव. जन्म १८ एप्रिल १९१६, नाशिक जिल्ह्यातील येवल्याचा. १९२८ सालच्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटातील बालभूमिकेपासून त्यांची सुरुवात झाली. (हा दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' नव्हे. मूकपटांच्या काळात हरिश्चंद्राची कथा पुन्हा पुन्हा पडद्यावर येत असे.) त्या वेळी घरंदाज स्त्रिया कॅमेऱ्यासमोर येत नसत, त्यामुळे बालकलाकार म्हणून शिरलेल्या मुलीला तरुणपणी थेट नायिकेच्या भूमिका मिळणे अशक्य नव्हते. दिग्दर्शक गणपतराव पवार यांच्या मूकपटांतून त्या नायिका म्हणून पुढे आल्या, त्यांच्याशी विवाह करून 'पवार' झाल्या आणि हेच आडनाव पुढे कायम राहिले. 'कैलास' (१९३२) या चित्रपटाच्या निर्मितीत त्यांचा सहभाग होता. टॉलस्टॉयच्या 'रिसरेक्शन' कादंबरीवर आधारलेल्या 'दुनिया क्या है' (१९३८) ची निर्मितीही त्यांनी केली. 'हिम्मत-ए-मर्दा' (१९३५) या बोलपटात त्यांनी अभिनयाबरोबर गाणीही गायली. पार्श्वगायनाची पद्धत रुळण्यापूर्वीचा तो काळ. नायिकेला चेहरा हवा, गळा हवा आणि घोड्यावर बसण्याची तयारीही हवी.

विशी-बाविशीतली एक मराठी स्त्री चित्रपटात पैसा गुंतवते, नायिका होते, गाते आणि रशियन कादंबरीवर चित्रपट काढते, ही १९३० च्या दशकातील साधी गोष्ट नव्हती. भालजी पेंढारकरांचा 'नेताजी पालकर' (१९३९) आणि वि. स. खांडेकरांच्या लेखणीतून उतरलेला, मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला 'अमृत' (१९४१) या मराठी चित्रपटांनी त्यांना नुसत्या देखण्या नायिकेच्या पलीकडे नेले होते. म्हणजे अपघात झाला तेव्हा त्या संपत आलेल्या नटी नव्हत्या. पंचविशी ओलांडून, आपल्याला काय जमते याचा अंदाज आलेल्या अभिनेत्री होत्या.

१९४२ साली 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या चित्रीकरणात भगवानदादा पालव यांना ललिताबाईंच्या कानशिलात मारायची होती. भगवानदादा तेव्हा 'अलबेला'चे भगवान झालेले नव्हते आणि 'अलबेला'ला अजून नऊ वर्षे होती. हात जोरात बसला. चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला. उपचार तीन वर्षे चालल्याचे सांगितले जाते. चेहरा बराचसा सावरला, पण डाव्या डोळ्यातला दोष कायमचा राहिला. तो डोळा नेहमी किंचित मिटलेला, आकसलेला दिसू लागला.

नटासाठी याचा अर्थ काय, हे थोडे थांबून पाहायला हवे. चित्रपटातील अभिनयाचा मोठा भाग डोळ्यांत असतो. रंगमंचावर शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला डोळे दिसत नाहीत. पडद्यावर मात्र समीपदृश्यात ते वीतभर होतात. नायिकेच्या बाबतीत तर प्रकाशयोजनेपासून कॅमेऱ्याच्या कोनापर्यंत सारे काही दोन्ही डोळे सारखे, पाणीदार आणि मोठे दिसावेत यासाठी केलेले असते. एक डोळा आकसला की या सगळ्या यंत्रणेत ती बसेनाशी होते. अभिनय गेला म्हणून त्यांचे नायिकापण गेले नव्हते. छायालेखकाच्या चौकटीत चेहरा 'बरोबर' येईना, म्हणून गेले.

मग उरते ते काम हिंदीत 'चरित्र अभिनेत्री'चे. हा शब्द मराठीतही रुळला असला तरी त्याचा जीवनचरित्राशी संबंध नाही. नायक-नायिका सोडून आई, सासू, काका, मुनीम, डॉक्टर, शेजारी अशा स्वभावचित्रांच्या भूमिका करणारा तो चरित्र अभिनेता. चाळिशीच्या दशकात स्टुडिओंची मासिक पगाराची पद्धत मोडत गेली आणि नट प्रत्येक चित्रपटागणिक मोबदला घेऊ लागले. या बदलाचा फायदा बड्या ताऱ्यांना झाला हे सर्वश्रुत आहे. चरित्र अभिनेत्यांच्या बाबतीत मात्र त्याचा अर्थ इतकाच होता की चूल पेटती ठेवायची तर एकाच वेळी अनेक चित्रपटांत काम करायचे आणि अनेक चित्रपटांत काम मिळवायचे तर ओळखीचा एक साचा हवा. निर्मात्याला चार वाक्यांत समजले पाहिजे की या नटाला घेतल्यावर पडद्यावर काय दिसेल. ललिताबाईंचा साचा त्यांच्या डोळ्यानेच तयार करून ठेवला होता.

आपल्या कथापरंपरेत शरीरातील व्यंग आणि मनातील कपट यांची जोडी जुनी आहे. मंथरा कुबडी, नाटक-चित्रपटांतला शकुनी लंगडणारा, लोककथेतली चेटकीण एकाक्ष. ही जोडी क्रूर आहे, हे आज कोणी सांगावे लागत नाही. त्या काळात तिच्याकडे कोणी प्रश्न म्हणून पाहिलेच नाही. बारीक झालेला डोळा पडद्यावर आला की प्रेक्षक आपोआप 'ही काहीतरी शिजवते आहे' असे समजे. संवाद नंतर येई.

अपघातानंतरच्या त्यांच्या ठळक भूमिकांत 'प्रभात'चा 'रामशास्त्री' (१९४४) येतो. त्यात ललिताबाई आनंदीबाई झाल्या. मराठी माणसाला आनंदीबाई म्हटले की 'ध चा मा' आठवतो. नारायणराव पेशव्यांना 'धरावे' या आज्ञेतील एक अक्षर बदलून 'मारावे' करणारी स्त्री, अशी तिची आख्यायिका. इतिहासकारांनी तिच्या खरेपणाबद्दल काहीही म्हटले तरी लोकमानसातील तिची जागा पक्की आहे. कारस्थानी राजस्त्रीच्या या भूमिकेने ललिताबाईंच्या दुसऱ्या कारकिर्दीची दिशा जवळजवळ ठरवून टाकली.

त्यानंतर व्ही. शांताराम यांचा 'दहेज' (१९५०) आला. हुंडा कमी आणला म्हणून सुनेचा छळ करणारी त्यातील सासू ही हिंदी पडद्यावरच्या पुढच्या अनेक सासवांची मूळ प्रत म्हणावी लागेल. हुंडाबंदीचा केंद्रीय कायदा व्हायला अजून ११ वर्षे होती, त्यामुळे चित्रपटगृहात बसलेल्या कितीतरी स्त्रियांना ती सासू कल्पनेतील वाटली नसणार. ललिताबाईंनी ती रंगवताना आरडाओरडीपेक्षा टोमण्यावर भर दिला. आवाज चढवण्याऐवजी शेवटचा शब्द थोडा लांबवायचा, मान एका बाजूला कलवायची, चांगल्या डोळ्याने समोरच्याला न्याहाळायचे आणि मग पदर सारखा करत निघून जायचे. चेहऱ्याची एक बाजू पूर्वीसारखी साथ देत नसल्याने अभिनयाचा भार त्यांनी आवाज, मान, हात आणि चाल यांच्यावर वाटून दिलेला दिसतो. त्यांच्या जुन्या चित्रपटांत नुसते हात पाहिले तरी पात्र कोणते ते ओळखता येते. गरीब आईचे हात सतत काहीतरी पुसत असतात, श्रीमंत बाईचे हात स्थिर असतात आणि कारस्थानी बाईचे एकमेकांवर घासत राहतात.

गुरुदत्त यांच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५' (१९५५) मधली सीतादेवी मात्र वेगळ्या जातकुळीची खलनायिका होती. ही शिकलेली, सभा गाजवणारी, स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणारी आणि घटस्फोटाच्या कायद्याचे समर्थन करणारी आत्या. हिंदू विवाह कायदा त्याच वर्षी झाला होता आणि चित्रपटाने त्याभोवतीच्या भीतीची खिल्ली उडवता उडवता सुधारक स्त्रीचीच खिल्ली उडवली. आज हा चित्रपट पाहताना मधुबाला आणि गुरुदत्त यांच्या खट्याळ प्रसंगांत मन रमते, पण सीतादेवी बोलू लागली की अवघडल्यासारखे होते, कारण ती बरेचदा बरोबर बोलते. पुरुषाच्या आधाराशिवाय मत मांडणारी स्त्री पडद्यावर दाखवायची झाली की तिलाही तोच मिटलेला डोळा दिला जाई, ही बाब नोंदवण्यासारखी आहे.

त्याच वर्षी राज कपूर यांनी 'श्री ४२०' मध्ये हा साचा उलटा करून पाहिला. मुंबईच्या फुटपाथवर केळी विकणारी गंगामाई पहिल्या भेटीत खेकसते. नेहमीच्या सवयीने प्रेक्षक सावध होतो. थोड्याच वेळात ध्यानात येते की ही बाई उपाशी पोराला पाहून विरघळणारी आहे आणि तिचे खेकसणे हा फुटपाथवर टिकून राहण्याचा एक मार्ग आहे. पुढे शंभर रुपयांत घर देण्याची फसवी योजना येते, तेव्हा ज्यांची आयुष्यभराची पुंजी पणाला लागते त्या माणसांचा चेहरा म्हणून आपल्या मनात गंगामाईच उभी राहते. राज कपूरना इथे एक गोष्ट उमगली होती: ज्या चेहऱ्याकडून प्रेक्षक वाईटाची अपेक्षा करतो, त्याच चेहऱ्यावर माया उमटली तर ती दुप्पट परिणाम करते.

१९५९ हे वर्ष या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त ललिताबाई जातीचा कडवा अभिमान बाळगणाऱ्या बुआजी होत्या. अस्पृश्य कुटुंबात जन्मलेल्या मुलीची सावलीही नको म्हणणारी ही वृद्धा दुष्ट नाही, श्रद्धाळू आहे आणि म्हणून अधिक भयंकर आहे. तिला आपण अन्याय करतो आहोत असे क्षणभरही वाटत नाही. ललिताबाईंनी इथे नेहमीचे टोमणे गाळले आणि धर्माचरणात बुडालेल्या बाईची निरागस कठोरता दाखवली. त्याच वर्षी हृषिकेश मुखर्जी यांच्या 'अनाडी'त त्या मिसेस डिसा झाल्या. झगा घातलेली, भाडेकरूला येता-जाता शिव्या घालणारी मुंबईची ख्रिस्ती घरमालकीण. बेकार चित्रकार राजला ती भाड्यासाठी धारेवर धरते आणि पाठ वळताच त्याच्या जेवणाची काळजी करते. त्याची चित्रे विकली गेली असे सांगून स्वतःच्या पदरचे पैसे त्याच्या हाती ठेवते. पुढे ती मरते ते आजारापेक्षा औषधामुळे. ज्या शेठच्या कंपनीचे विषारी औषध तिच्या पोटात जाते, त्याचाच राज नोकर असतो. चित्रपटाचा सगळा नैतिक पेच मिसेस डिसाच्या मृत्यूवर उभा आहे. प्रेक्षकांचे तिच्यावर प्रेम बसले नसते तर चित्रपट कोसळला असता.

या भूमिकेने त्यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळवून दिला. १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला.

हृषीदांचा त्यांच्यावरचा विश्वास इथे संपला नाही. 'मेमदीदी' (१९६१) मध्ये त्यांनी ललिताबाईंना थेट मध्यवर्ती भूमिका दिली. वस्तीत राहायला आलेली एक मध्यमवयीन ख्रिस्ती बाई तिथल्या दोन दांडगटांना माणसात आणते, असा तो साधासुधा चित्रपट. डेव्हिड आणि जयंत त्यांच्या जोडीला होते. पुढे 'आनंद' (१९७१) मध्ये हृषीदांनी त्यांना रुग्णालयाची करारी मेट्रन केले आणि नावही पुन्हा डिसाच ठेवले. जणू 'अनाडी'तली घरमालकीण मेलीच नव्हती, नोकरी बदलून आली होती.

साठच्या दशकात ललिताबाई सुबत्तेतल्या रंगीत चित्रपटांत दिसू लागल्या. 'जंगली' (१९६१) मधल्या आईने घरात हसण्यावरच बंदी घातली आहे. शम्मी कपूरची 'याहू' आरोळी ज्या शिस्तीविरुद्ध फुटते, ती शिस्त म्हणजे ललिताबाई. पुढच्याच वर्षीचा 'प्रोफेसर' मात्र त्यांच्या सर्वोत्तम कामांत गणायला हवा. दार्जिलिंगच्या बंगल्यात भाच्यांना कडक पहाऱ्यात वाढवणारी प्रौढ, अविवाहित सीतादेवी पन्नाशीपुढचा शिक्षक हवा अशी अट घालते. पैशांची निकड असलेला तरुण शम्मी दाढी लावून म्हातारा होऊन येतो आणि सीतादेवीच या म्हाताऱ्या प्रोफेसरच्या प्रेमात पडते. हा प्रहसनाचा मसाला आहे. सीतादेवी आरशासमोर उभी राहून नटू लागते तेव्हा चित्रपटगृहात हशा पिकावा अशीच योजना आहे आणि तो पिकतोही. पण ललिताबाई विनोदासाठी वेगळे काहीच करत नाहीत. कधीकाळी बंद केलेले एक दार उघडताना होणारा संकोच त्या पूर्ण गंभीरपणे साकारतात. हसता हसता पाहणाऱ्याला कुठेतरी स्वतःची लाज वाटू लागते. दिग्दर्शक लेख टंडन यांचा हा पहिलाच चित्रपट होता.

'कोहरा' (१९६४) मध्ये त्यांनी आणखी एक प्रयोग केला. डॅफ्ने ड्यू मॉरिएच्या 'रिबेका'वर बेतलेल्या या भयपटात त्या मृत मालकिणीच्या आठवणींना कवटाळून बसलेल्या दाईमाँ होत्या. आठवा, 'दहेज'मधली सासू किती बोलते. दाईमाँ जवळजवळ बोलतच नाही. ती खोलीत येऊन उभी राहते, एवढेच. वहिदा रहमानच्या पात्राबरोबर आपणही दचकतो.

अशा भूमिका मात्र वर्षाकाठी एखादीच. बाकीच्या डझनावारी चित्रपटांत तीच सासू, तीच सावत्र आई, तेच दागिने आणि तेच टोमणे. आकडेवारी देणारे त्यांच्या चित्रपटांची संख्या सातशेच्या पुढे सांगतात. ती थोडी कमी धरली तरी त्यांतील बहुतेक भूमिका एकमेकींच्या नकला होत्या, हे मान्य करावे लागते. 'सौ दिन सास के' (१९८०) च्या शीर्षकातच त्यांची ओळख होती. सुनेने सासूला वठणीवर आणण्याची ती कथा, आणि प्रेक्षक आले ते नेमक्या याच सासूचा पराभव पाहायला. तीस वर्षांपूर्वी 'दहेज'मध्ये जे भयावह होते ते आता करमणुकीचे झाले होते. एखादा नट एकाच साच्यात फार काळ वावरला की त्याचे हेच होते. लोक त्याला घाबरेनासे होतात आणि त्याची वाट पाहू लागतात.

मग दूरदर्शनवर 'रामायण' आले. २५ जानेवारी १९८७ ला मालिका सुरू झाली तेव्हा ललिताबाई सत्तरीत होत्या. या अयोध्येत मराठी कलावंतांचा चांगलाच भरणा होता. बाळ धुरी दशरथ होते आणि त्यांच्या पत्नी जयश्री गडकर कौसल्या. कैकेयीच्या भूमिकेत पद्मा खन्ना होत्या. मंथरा कोण, हा प्रश्न निर्मात्यांना फार काळ पडला नसावा.

गंमत अशी की मंथरेची भूमिका लिखित स्वरूपात जितकी वाईट दिसते तितकी ललिताबाईंनी केली नाही. मंथरा ही कैकेयीच्या माहेरची दासी. रामाच्या राज्याभिषेकाची वार्ता ऐकून कैकेयी आधी आनंदित होते आणि मंथरेचा जीव मात्र तुटतो, कारण उद्या कौसल्या राजमाता झाली की आपल्या मुलीसारख्या राणीचे काय होईल, ही भीती तिला वाटते. ललिताबाईंच्या स्वरात ही भीती ऐकू येते. त्या कैकेयीचे कान भरतात ते आधी कुरवाळत, मग रुसत, मग रडत आणि शेवटी रागावत. 'रामशास्त्री'तील आनंदीबाई एका अक्षराने राज्य उलथते, इथे मंथरा बोलून बोलून. ४३ वर्षांच्या अंतराने दोन्ही कारस्थानांना चेहरा एकच लाभला. मूकपटात संवादाची सोयच नव्हती तिथून सुरुवात केलेल्या अभिनेत्रीच्या वाट्याला उतारवयात दूरचित्रवाणीच्या लहान पडद्यावर इतके बोलण्याची भूमिका यावी, हाही एक योग.

मालिका ३१ जुलै १९८८ पर्यंत चालली. चित्रपटगृहात कधी न गेलेल्या खेड्यापाड्यांतील माणसांनीही त्या दीड वर्षात ललिता पवार हा चेहरा ओळखीचा करून घेतला. त्यांपैकी फार थोड्यांना 'हिम्मत-ए-मर्दा' ठाऊक असेल. सुरुवातीच्या कितीतरी मूकपटांच्या फिती काळाच्या ओघात नाहीशा झाल्या आहेत, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे असलेल्या ललिताबाई आज प्रामुख्याने जुन्या छायाचित्रांतूनच पाहाव्या लागतात.

त्यांचा दुसरा विवाह चित्रपट निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी झाला होता. अखेरची वर्षे त्यांनी पुण्यात औंध येथे काढली. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी तिथल्या राहत्या बंगल्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय ८१ होते. पती त्या वेळी उपचारासाठी रुग्णालयात होते आणि घरात दुसरे कोणी नव्हते. त्या गेल्याचे बाहेर कळले ते दोन दिवसांनंतर.